पुकाऱ्याला ओ

शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. कोर्टाने माझ्या बाजूने हुकूम दिला. ज्या शाळेने मला घरी बसवलं होतं, त्याच शाळेत मी आज नर्सरीच्या लेकरांचे डबे उघडून देते, नाकं पुसते, चड्डीची बटणं लावते. गोळी रोज घेते. वजन पुन्हा भरलं आहे. इतकं, की शेजारीण म्हणते, "आता पुरे कर वो, दारातून आडवी जायाले लागशीन."

पण लाज गेली असं मी म्हणणार नाही. आजाराला गोळी मिळाली, लाजेला अजून कुणी दिलेली नाही. औषधाच्या खिडकीपुढे तोंडाला ओढणी बांधून बसलेल्या बाया मी दर महिन्याला पाहते. त्यातल्या एखादीलाही कामावरून, घरातून, कुठूनतरी काढलेलं असेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे म्हणणाऱ्या शहाण्याला कुणी कामावरून काढलं नसावं. मी चढले, आणि चढताना एक मोठी चूक केली. ती दुसरीने करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

माझं सासरचं नाव इथे लिहिणार नाही. तुम्ही मला अनुसया म्हणा. का, ते पुढे कळेल.

कोरोना असता तर

आमचं घर तेलंगणात, नेरडीगोंड्याजवळ, हायवेच्या कडेला. आमच्या ह्यांचं टायरचं दुकान आहे. मला रोज संध्याकाळी ताप यायचा. आधी वाटलं, शाळेतल्या लेकरांचा सर्दी-खोकला लागला असेल. गावातल्या डॉक्टरची सुई झाली, दुसऱ्याची झाली, सासूबाईंच्या माहेरचा अंगारा झाला. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, तोंडात फोड आले, भाजी तिखट लागेना की गोड लागेना. शेवटी हे मला मोटरसायकलवर बसवून आदिलाबादला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे टी.बी. निघाला, आणि त्याच्या मागोमाग रक्ताची आणखी एक तपासणी करायला सांगितली.

रिपोर्टच्या दिवशी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. समुपदेशक ताई किनवटकडची होती, मराठी बोलायची. भिंतीवर एक हसरं जोडपं चिकटवलेलं होतं. ती म्हणाली, "ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे."

पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, एवढं आता आमच्या गावातल्या म्हशींनाही कळतं. मी विचारलं, "कोरोना?"

आयुष्यात एकदाच मी कोरोना व्हावा अशी आशा केली. ताईने मान हलवली आणि दुसरं नाव सांगितलं. तिने पुढे खूप काही सांगितलं. गोळ्या आहेत, फुकट आहेत, रोज घेतल्या तर म्हातारी होईपर्यंत जगता येतं, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. मी खिडकीतून ह्यांच्याकडे बघत होते. बाहेर हे शेंगा सोलून खात होते आणि टरफलं नीट रुमालात गोळा करत होते. मी मरेन का, हे मला सुचलंच नाही. ह्यांना कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच सुचलं.

मग ह्यांची तपासणी झाली. चांगली आली. आमच्या पिंकीचीही चांगली आली. ती सातवीत आहे. मला आनंद झाला, देवाला हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच मनात आलं, ह्यांनाही असता तर बरं झालं असतं. म्हणजे लोकांनी म्हटलं असतं, नवऱ्याने आणला, बिचारी बायको. आता हे चांगले निघाले, म्हणून मी वाईट ठरले. असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याची मला आज लिहितानाही लाज वाटते.

आजार आला कुठून, मला माहीत नाही. पिंकीच्या वेळी खूप रक्त गेलं होतं, बाटल्या चढवल्या होत्या. त्यातून असेल, किंवा कुठल्यातरी सुईतून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ते सांगता येणार नाही आणि शोधून उपयोगही नाही. ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते. विचारलं नाही, म्हणून आतल्या आत झुरले.

गोळी

दर महिन्याचा दिवस ठरलेला असतो. वजन करायचं, उरलेल्या गोळ्या दाखवायच्या, खिडकीतून नवी डबी घ्यायची. आम्ही सगळ्याजणी डोळे तेवढे उघडे ठेवून बसतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी चुकून डाकूराण्यांच्या सभेत आले. कुणी कुणाचं गाव विचारत नाही. पण एखादीला चक्कर आली की चारजणी आपली पाण्याची बाटली पुढे करतात.

सुरुवातीला गोळीने डोकं गरगरायचं. त्याहून जास्त त्रास मी माझा मला दिला. कुणी सांगितलं नसताना माझं ताट वेगळं ठेवलं. पिंकीची वेणी घालणं सोडलं. माझी फणी तिच्या केसांना लागेल, माझ्या बोटाला कुठे खरचटलेलं असेल, असं काहीबाही. ताईने दहा वेळा समजावलं होतं, पण समजलेलं डोक्यात असतं आणि भीती हातात असते. मग हेच तिची वेणी घालायला लागले. टायरचा मेकॅनिक तो, वेणी अशी आवळायचा की पोरीचे डोळे ताणले जायचे. तिच्या शाळेतल्या बाई विचारायच्या, "आई नाही का घरी?"

स्टीलचा ग्लास

शाळा खाजगी, इंग्रजी माध्यमाची. मी तिथे आयम्मा. आमच्याकडे शाळेत लहान लेकरं सांभाळणारीला असंच म्हणतात. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले होते, पण या कामाला कुणी कागद विचारला नाही. लेकरांचा आणि माझा जीव जुळला होता.

ताईने बजावलं होतं, कामावर कुणाला सांगायची गरज नाही, तशी सक्ती कुणी करू शकत नाही. पण पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही. दर महिन्याला एक सुट्टी लागणार, खोटं कारण किती दिवस सांगणार? शाळेचे सर सज्जन वाटायचे. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं.

सरांनी दार लोटून घेतलं. पंखा मोठा केला. म्हणाले, "आयम्मा, तुम्हारा काम बहुत अच्छा है. मेरे को कुछ नहीं. लेकिन पेरेंट्स लोगों को मालूम पड़ा तो? पहले तबीयत देखो, घर पे आराम करो."

"कितने दिन, सर?"

"आराम करो," ते पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर फाटकावरच्या वॉचमनने मला आत सोडलं नाही. माझा पाणी प्यायचा स्टीलचा ग्लास एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वर गाठ. वॉचमनने ती लांब हात करून दिली. आतून नर्सरीचा गलका ऐकू येत होता. मी ग्लास घेऊन घरी आले आणि चूल पेटवायच्या आत पोत्याखाली लपवला, जसा काही मीच चोरून आणला होता.

दुसरं नाव

कोर्टात जायचं ताईने सुचवलं. कायदा आहे म्हणाली. जिल्ह्याच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील मिळतो म्हणाली. मी म्हटलं, "फुकट वकील आणि फुकट तमाशा." मला वाटायचं, कोर्ट म्हणजे चावडीच. भर लोकांत नाव पुकारतात, आजार पुकारतात, उद्या पेपरात येतं.

हे म्हणाले, "इचारून तं पाहू. इचाराले काय जाते?"

वकील मॅडम तेलुगू होत्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या त्या मी घरी येताना पाठ करत आले. नुसता हा आजार आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, खाजगी शाळेलाही नाही. मागितलं तर सुनावणी बंद खोलीत होते. आणि मागितलं तर कोर्टाच्या कागदांवर माझ्या नावाऐवजी दुसरं नाव लावता येतं.

"कोई भी नाम बोलो, अम्मा," त्या म्हणाल्या. "जो तुम्हारा नहीं है."

इथे माझी चूक झाली. माझ्याजवळ एक नाव पडून होतं.

माझं माहेर बाजारहत्नूरच्या बाजूला. आईला मूल होत नव्हतं, तेव्हा ती माहूरच्या डोंगरावर अनुसयामातेला नवस बोलली. मी झाले, म्हणून माझं नाव अनुसया. लग्नात आमच्याकडे सासरची माणसं ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं. अनुसया हे म्हातारं नाव आहे, असं माझ्या नणंदेचं मत होतं. आई त्या दिवशी मांडवात पुटपुटली होती, "पोरगी देल्ली, नाव काऊन घेता?" त्यानंतर तिने मला नव्या नावाने कधी हाक मारली नाही. जुन्या नावानेही मारली नाही, जावयाला वाईट वाटेल म्हणून. नुसतं "बाई" म्हणायची.

तेव्हा मला वाटलं, हे नाव आता कुणाचंच नाही. तांदळाबरोबर शिजून गेलं. मी म्हटलं, "अनुसया."

"अनसूया," मॅडमनी लिहून घेतलं. "अच्छा नाम है."

घरी येताना मात्र खटकत राहिलं. अनुसया म्हणजे पतिव्रता, जिच्यापुढे देवांची बाळं झाली. आणि तिचं नाव मी कशाला वापरलं, तर या आजाराला. नवऱ्याच्या पाठीमागे गाडीवर बसून मी डोळे पुसत होते, आणि हे म्हणत होते, धूळ फार उडून राह्यली.

पहिली पेशी

पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं होती. हे चहा आणायला गेले. मी पदर डोक्यावर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसले. जजसाहेबांना मला एकदा समोर बघायचं होतं, म्हणून मॅडमनी बोलावलं होतं. पुकारा होईल, ओ द्यायची, आत यायचं, एवढंच काम.

पट्टेवाल्याने दारात येऊन मोठ्याने पुकारलं, "अनसूया!"

माझ्या बाजूच्या बाकावरची एक पांढरी टोपी वळली. मी तिच्याकडे आतापर्यंत पाहिलंच नव्हतं. तो गणपतमामा होता. सख्खा मामा नव्हे, गावाच्या नात्याने मामा. माझ्या वडिलांचा दोस्त. शेताच्या बांधाची त्याची केस त्या कोर्टात कितीतरी वर्षं चालू होती. मी लहान असताना त्याने मला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते.

"अनुसया?" तो स्वतःशीच म्हणाला आणि माझ्याकडे निरखून बघायला लागला. "किसनची अनुसया तं नाई वो तू?" किसन म्हणजे माझे वडील, ते आता नाहीत.

"अनसूया!" दुसरा पुकारा.

"मामा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुलेच बलावून राह्यले काय?"

तिसरा पुकारा झाला. ओ काही माझ्या गळ्यातून निघाली नाही. पट्टेवाला आत गेला. थोड्या वेळाने वकील मॅडम तरातरा बाहेर आल्या. "अम्मा! यहीं बैठी हो, जवाब क्यों नहीं देती? ऐसा करोगी तो केस खारिज हो जाएगा!" त्यांनी आत जाऊन पुढची तारीख मागून घेतली. एकदा मिळाली, पुन्हा मिळेलच असं नाही, हे त्यांनी तिथेच ठणकावलं.

मामाने सगळं ऐकलं. आवाज खाली आणून म्हणाला, "कायची केस हाय, बाई?"

मी फरशीकडे बघत राहिले.

"नवरा मारते काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता. मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्याने हो करून घेतला. "किसन नाई म्हणून काय पोरगी वाऱ्यावर सोडली काय आमी? सांगतो दिलीपले." दिलीप माझा धाकटा भाऊ.

तेवढ्यात हे दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन आले. ओळखलं, हसले. "राम राम, मामा."

मामाने राम राम घेतला नाही. उठता उठता म्हणाला, "चहा बायकोले पाज, अन् हात आवरत जाय."

हे चहाचे ग्लास धरलेल्या आपल्या हातांकडे बघत उभे राहिले.

येताना एका कणसं भाजणाऱ्या बाईपाशी ह्यांनी गाडी थांबवली. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्याच दिलीपला फोन करून खरं सांगते." हे बराच वेळ कणीस फिरवत राहिले, खाल्लं नाही.

"नोको सांगू," म्हणाले. "माह्यावर जाऊ दे. मारकुट्या नवऱ्याले लोक चार दिवस शिव्या देतेत, मंग इसरतेत. तुह्यं इसरणार नाईत."

मी कबूल झाले. हेच मला सगळ्यात जड जातं लिहायला. मी कबूल झाले.

दिलीप

दिलीप आला तो आमच्या घरचं पाणीही प्यायला नाही. खाटेवर टोकाला बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात.

"भाऊजी, हात उचलता माह्या बहिणीवर?"

ह्यांनी मान खाली घातली. जो माणूस माझ्याशी कधी आवाज चढवूनही बोलला नाही, तो म्हणाला, "चुकलं. पुन्हा नाई होणार."

"मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून बोललो नाई. दुसरा असता तं दाखवलं असतं."

"हो," हे म्हणाले. "बरोबर हाय तुह्यं."

पिंकी दप्तर घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती बापाकडे बघत होती. तिच्या डोक्यावर ती आवळलेली, वाकडी वेणी. ती पोरगी आता आपल्या बापाबद्दल काय समजेल, हे माझ्या लक्षात आलं आणि माझा बांध फुटला.

"पिंके, बाहेर जाय," मी म्हटलं. आणि ती गेल्यावर, "दिलीप, थे खोटं बोलून राह्यले. त्याइनं मले बोटबी लावलं नाई."

समेट झाला असं समजून दिलीपने पाण्याचा ग्लास नुकताच हातात घेतला होता. मी आजाराचं नाव सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, आवाज न होऊ देता. मग उभा राहिला, ह्यांच्या पाया पडला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईले सांगजो नोको. मरून जाईन थे."

तो गेल्यावर ह्यांनी तो ग्लास उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. मी म्हटलं, "तुमचं नाव तर वाचलं." ते म्हणाले, "माह्या नावाचं काय करतं? तुह्या पेशीचं पाह्य."

मी पेशीला जाणारच नव्हते. मनाशी ठरलं होतं. भावाने ग्लास खाली ठेवला तो आवाज मी ऐकला नव्हता, पण तोच कानात बसला होता. पुन्हा त्या व्हरांड्यात ते नाव पुकारणार, पुन्हा कुणीतरी वळून बघणार. त्यापेक्षा काम गेलं तर गेलं.

आई

दिलीपच्या पोटात काही राहत नाही. आई त्याच आठवड्यात बसने आली. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, काखेत तुरीची डाळ. पिठाचं गाठोडं उतरवलं, पाय धुतले, माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"दुखते काय वो कुठं?"

इतक्या महिन्यांत मला कुठून आला, कसा आला, हे डोळ्यांनी विचारणारे भेटले. दुखतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"दिलीप सांगे, कोर्टात तुवं मीनं ठेवलेलं नाव सांगतलं म्हणे?"

मला वाटलं, आता ती रागावेल. नवसाचं नाव, देवीचं नाव, आणि मी ते कुठे नेऊन टाकलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "नाव बुडवलं आई मीनं. तुह्यं नाव बुडवलं."

तिने माझं डोकं उचललं. तिला खरोखर कळलं नव्हतं मी काय म्हणते ते. "बुडवलं कायचं? बुडवलं तं तुह्या सासरच्याइनं होतं, लग्नात. तुवं वर काढलं."

मग गाठोड्याची गाठ सोडत म्हणाली, "पेशी कधी हाय? मी येतो."

मी म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, "नोको जाऊ. मी एकटी जातो. माहंच नाव हाय थे."

ओ

आम्ही तिघं गेलो. आणि नशीब बघा, त्याच बाकावर तीच पांढरी टोपी. बांधाच्या केसचीही त्याच दिवशी पेशी होती. मी जिन्यापाशीच थांबले. आई थांबली नाही. सरळ गणपतमामासमोर जाऊन उभी राहिली.

"गणपत, आधी माह्या जावयाले राम राम घाल."

"अवो बाई, तुमाले मालूम नाई..."

"मले सारं मालूम हाय. देवमाणूस हाय थो. पोरगी बिमार हाय, तिचं काम काढून घेतलं, म्हणून कोर्टात आली. मारणं नाई का झोडणं नाई. घाल राम राम."

व्हरांड्यातली अर्धी माणसं ऐकत होती. मामा उठला, टोपी सारखी केली. "राम राम, जावईबापू. गलती झाली." ह्यांनी दोन्ही हात जोडले. हे रडू आवरत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

मी आईजवळ जाऊन उभी राहिले, तेवढ्यात पट्टेवाला दारात आला. "अनसूया!"

मी तोंड उघडलं. पुन्हा तेच. मामा माझ्याकडे बघतो आहे. एवढी आई बाजूला असूनही मला ओ देता येईना.

"ओ!" आई ओरडली. शेतातून पलीकडच्या शेतात द्यावी तशी. "आली, आली! हे काय, इथंच हाय माही अनुसया!" आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं.

आत पडदा ओढलेला होता. बाकीच्यांना बाहेर काढलं. जजसाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. सर समोरच होते, त्यांच्या वकिलाच्या मागे. वकील बोलला, लहान लेकरं आहेत, पालक काय म्हणतील, शाळा बंद पडेल. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: हिच्यापासून लेकरांना धोका आहे, असं कोणत्या डॉक्टरने लिहून दिलं आहे? ते दाखवा.

वकिलाने सरांकडे पाहिलं. सर बुटांकडे बघत होते. त्या खोलीत माझ्याशिवाय आणखी कुणाला लाज वाटते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा आनंद झाला नाही. कशी वाटते ते मला माहीत होतं.

हुकूम झाला की निकाल लागेपर्यंत मला कामावर परत घ्यायचं, आणि शाळेने माझ्या आजाराबद्दल कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. निकालही पुढे तसाच लागला. पण त्या दिवशी उठायच्या आधी वकील मॅडमनी साहेबांना सांगितलं की दिलेलं नाव ओळखीचं निघालं आहे, बदलून मिळावं. साहेब माझ्याकडे वळले. "अम्मा, कोई और नाम बोलिए. बदल देते हैं."

दाराबाहेर आईचा आवाज येत होता. ती पट्टेवाल्याला धरून शिकवत होती. "अनसूया नाई रे बापा. अनुसया. म्हण बरं."

मला हिंदी सुचेना. मराठीतच म्हणाले, "राहू द्या, साहेब. आता ओ देऊन झाली."